दुधाविना चहा, गव्हाविना फराळ



माझ्या भाषणाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, "अहो, व्याख्यानमालेत कोणी राज्यघटनेवर बोलतो, कोणी ज्ञानेश्वरीवर बोलतो. तुम्ही चहाचा कप आणि चकलीची बशी घेऊन कुठे निघालात?" मी त्यांना एवढेच म्हटले की, चहाच्या एका कपाने या पुणे शहरात काय काय घडवले आहे, याचा आपणांस विसर पडलेला दिसतो.

ती हकीकत आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये पुण्यातील काही प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून गेली होती. समारंभ संपल्यावर त्यांच्यापुढे चहा आला. कोणी तो प्याले, कोणी शिष्टाचारापुरता पेला हातात घेऊन खाली ठेवला. पुढे गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने त्या मंडळींची नावे वृत्तपत्रात झळकली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. त्यात लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. ज्या रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्यांना १८९२ साली या चहापायी प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहा कोणाच्या हातचा, कोणाबरोबर बसून, हा प्रश्न त्या काळी एवढा जड होता.

आज तो प्रश्न त्या रूपात राहिलेला नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु चहाच्या पंगतीतून माणूस उठण्याचे थांबले आहे, असे मात्र समजू नका. आता त्याला कोणी उठवत नाही. समोर आलेले त्याला चालत नाही म्हणून तो आपणच बाजूला बसतो. अशा माणसासाठी घरच्या घरी काय करता येते आणि ते करताना कोणत्या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, एवढाच माझा आजचा विषय.

मी स्वतः रसायनशास्त्राचा शिक्षक. उभा जन्म परीक्षानळ्या धुण्यात गेला. स्वयंपाकघरात शिरलो तो निवृत्तीनंतर, आणि तोही नाइलाजाने. माझ्या भाचीची मुलगी नऊ वर्षांची. वर्ष दीड वर्ष ती खंगत चालली होती. पोट फुगे, हातापायांच्या काड्या झालेल्या, चेहरा पांढराफटक. लोहाच्या बाटल्यांवर बाटल्या रिचवल्या, तरी रक्त काही वाढेना. शेवटी एका डॉक्टरांना योग्य ती शंका आली, तपासण्या झाल्या आणि निदान झाले, सिलिॲक रोग. गहू कायमचा बंद. त्याच सुमारास माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, जावई परदेशातून सुटीवर आले. त्यांनी तत्त्व म्हणून दूध, तूप, लोणी, मध, प्राण्यापासून आलेले सारेच सोडलेले. दोघेही एकाच दिवशी अक्काच्या घरी चहाला आले. अक्काने स्वयंपाकघरातून मला हाक मारली आणि हळूच विचारले, "अरे, आता आलेल्याच्या हातावर ठेवायचे तरी काय?"

साठ वर्षे आल्यागेल्याचे करणाऱ्या बाईच्या तोंडी हा प्रश्न ऐकून मला वाईट वाटले. चहाबरोबर बिस्किटे, खारी, टोस्ट, शंकरपाळे, नानखटाई, सगळा मैदा. चहा म्हणजे निम्मे दूध. इराण्याच्या हॉटेलातला तो प्रसिद्ध बनमस्का आणि चहा घ्या. त्यात या दोघांना चालेल असे पाण्यावाचून काही नाही. मग मी ठरवले की, आपल्याला जे शास्त्र येते ते या कामी लावावे.

पहिला प्रश्न गव्हाचा. गव्हात असे आहे तरी काय? हा प्रयोग आपण घरी करून पाहू शकता. कणकेचा घट्ट गोळा भिजवा, अर्धा तास ठेवा आणि मग पाण्याच्या बारीक धारेखाली हलक्या हाताने चोळत राहा. पांढरे पाणी निघून जाईल. तो पिठातला स्टार्च. शेवटी हातात रबरासारखा ताणला जाणारा, करड्या रंगाचा चिवट गोळा उरेल; ते ग्लुटेन. इटलीतील बेक्कारी नावाच्या विद्वानाने अठराव्या शतकात हाच प्रयोग करून ग्लुटेन वेगळे दाखवले. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन प्रकारच्या प्रथिनांना पाणी मिळाले आणि ती मळली गेली की त्यांचे जाळे विणले जाते. पोळी लाटताना फाटत नाही, पाव फुगतो, ते या जाळ्यामुळे. गव्हाचे सारे वैभव त्यात आहे. परंतु सिलिॲक असलेल्या माणसाच्या शरीराला हीच प्रथिने शत्रूसारखी भासतात. त्याची प्रतिकारशक्ती लढायला उठते आणि त्या लढाईत लहान आतड्याच्या आतील अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झडून सपाट होतात. मग अन्न पोटात जाते, पण अंगी लागत नाही.

हे कारण कळले त्यालाही फार काळ झालेला नाही. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, त्या देशात भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. आणि अशा दिवसांत ही रोगी मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला तसा रोगही परत आला. १९५० साली डिके यांनी आपले संशोधन प्रबंधरूपाने मांडले. आज जगात शंभरात सुमारे एकाला हा विकार असतो असे मानतात, आणि त्यांपैकी पुष्कळांना त्याचा पत्ताच नसतो.

येथे एक सूचना आवर्जून करतो. संशय आला म्हणून आपल्याच मनाने गहू सोडून मग तपासणीला जाऊ नका. रक्ताची तपासणी गहू खाण्यात असतानाच खरे बोलते. तो सोडल्यावर ती फसवू शकते. आणि ज्यांना कसलाच त्रास नाही त्यांनी केवळ टूम म्हणून गहू टाकावा, असेही माझे सांगणे नाही. गहू हे उत्तम धान्य आहे. प्रश्न आहे तो ज्यांना ते विष होते त्यांचा.

आता आपण म्हणाल, गहू टाकला की झाले! भाचीलाही तसेच वाटले होते. तिने घरातून कणीक हद्दपार केली, ज्वारीची भाकरी सुरू केली. मुलगी चार महिने सुधारली आणि पुन्हा तिचे पोट बिघडू लागले. आम्ही घरातल्या डब्यांची झडतीच घेतली. तीन चोर सापडले.

पहिला चोर पिठाच्या गिरणीत. गिरणीवाला बिचारा प्रामाणिक; पण आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की त्याच जात्यात आपली ज्वारी पडणार, आणि दगडांच्या फटींत अडकलेली कणीक तिच्यात उतरणार. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावे, अशी मर्यादा आहे. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के ग्लुटेन धरले, तर पाव ग्रॅम कणकेतच २५ मिलिग्रॅम होते. म्हणजे किलोभर ज्वारीत चिमूटभर कणीक मिसळली की मर्यादा ओलांडली! सकाळी पहिले दळण आपले लावले तरी हा दोष जात नाही, कारण कालचे पीठ आत असतेच. धान्य घरी निवडून, धुऊन, वाळवून घरगुती चक्कीवर दळावे आणि त्या चक्कीला गहू कधी दाखवू नये, हाच खरा उपाय.

दुसरा चोर हिंगाच्या डबीत. आपण बाजारातून आणतो तो बहुतेक बांधणी हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो पीठ आणि डिंक घालून सौम्य करतात, आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. चिवड्याला, चकलीला, आमटीला आपण हिंग घालतो आणि कोणाच्या ध्यानीमनीही नसते. डबीवरचा बारीक मजकूर वाचावा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो.

तिसरा चोर आमच्या अज्ञानात होता. कोणीतरी भाचीला सांगितले की, खपली गहू जुना, पचायला हलका, तो चालतो. साफ चूक. खपली हाही गहूच. त्यात ग्लुटेन आहे. त्याच न्यायाने रवा, मैदा, शेवया, लापशी, कुरडई, गहू घातलेले सातूचे पीठ आणि गहू घातलेली थालीपिठाची भाजणी, सगळे वर्ज्य. जवही वर्ज्य, जपानात भाजलेल्या जवाचा काढा थंड करून चहासारखा पितात, त्यात चहाचे पान नसते आणि ग्लुटेनची भीती मात्र असते. काही सुगंधी चहांतही जवाचे माल्ट घातलेले असते. आणि लक्षात ठेवा, भाजल्याने किंवा तळल्याने ग्लुटेन निरुपद्रवी होत नाही. ज्या तेलात पुऱ्या तळल्या, त्या तेलात या मुलीची चकली तळू नये.

एवढी यादी ऐकून माणूस घाबरतो. पण आता आपल्या कोठीकडे दुसऱ्या नजरेने पाहा. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, हरभरा, मूग, उडीद, तीळ, शेंगदाणे, ओले आणि सुके खोबरे, गूळ. यांपैकी एकातही मुळात ग्लुटेन नाही आणि एकही प्राण्यापासून आलेले नाही. देशावरच्या आणि कोकणातल्या घरांत यांवरच पिढ्या जगल्या. भाजणीची चकली घ्या: तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ, धने, जिरे. मोहन तेलाचे. तिच्यात गहू नाही, दूध नाही. पोह्यांचा चिवडा, तिळाची वडी, शेंगदाण्याची चिक्की. फक्त हिंग पाहून घ्या, आणि वडी थापताना हाताला तुपाऐवजी तेल लावा. म्हणजे अक्काच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्याच डब्यांत होते.

उरलेल्या निम्म्याकरता एक तत्त्व समजून घ्यावे लागते. गव्हाऐवजी दुसरे पीठ नुसते मापाला माप घालून भागत नाही. गहू जे काम करत होता ते कोणावर तरी सोपवावे लागते. बांधून ठेवणे हे ते काम. आपल्या आज्यांनी ते उकडीवर सोपवले होते. पिठाला उकळते पाणी मिळाले की त्यातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि पीठ एकजीव धरतात. मोदकाची पारी वळता येते ती यामुळे. ज्वारीच्या भाकरीला गरम पाणी घेतात तेही याचसाठी. याच युक्तीने ज्वारीचे तिखट शंकरपाळे होतात. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, पाव वाटी तांदळाचे पीठ. अदमासे दीड वाटी पाण्यात मीठ, तिखट, ओवा आणि दोन मोठे चमचे तेल घालून उकळी आणावी, पीठ घालून ढवळावे, झाकण ठेवून खाली उतरवावे. दहा मिनिटांनी चांगले मळावे, लाटावे, कापावे आणि मंद आचेवर तळावे. पीठ जुने असेल तर पाणी थोडे अधिक लागते. चहाबरोबर हे शंकरपाळे कोणी गव्हाचे नाहीत म्हणून परत केल्याचे मला आठवत नाही.

आता दुसरे पाहुणे, दूध न घेणारे. अशांना इंग्रजीत वीगन म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. यांची गोष्ट तत्त्वाची. पण दूध तत्त्वासाठी न सोडताही ज्यांना ते सोसत नाही असे लोक पुष्कळ आहेत. दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज नावाचे विकर बालपणानंतर कमी होणे, ही जगातल्या बहुसंख्य प्रौढांची स्थिती आहे.

आपल्याला वाटते की, दुधावाचून चहा म्हणजे औषध. याचे कारण चहात नसून आपल्या पद्धतीत आहे. मूळ चिनी चहात दूध नव्हते. आठव्या शतकात लू यू याने चहावर ग्रंथ लिहिला, त्यात तो चिमूटभर मिठाखेरीज कांदा, आले वगैरे घालण्यावरही नाक मुरडतो. आसामात १८२३ साली रॉबर्ट ब्रूस यांना सिंगफो लोकांकडून तेथल्या चहाच्या झाडाची माहिती मिळाली. १८३८ साली आसामचा चहा लंडनला रवाना झाला. पण सामान्य भारतीयाच्या घरी चहा पोहोचला तो विसाव्या शतकात, पुष्कळशा प्रचारामुळे. १९३०च्या दशकात पाने यंत्रात चिरडून, फाडून, वळवून त्यांची बारीक गोळी करण्याची सीटीसी पद्धत आली. ही गोळी झटपट कडक रंग सोडते. ती उकळली की तुरटपणा भरमसाट उतरतो, आणि तो मोडायला दूध लागते. दुधातले केसिन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवते, म्हणून जिभेला चहा मऊ लागतो. दूध काढून घेतले आणि चहा मात्र तसाच पाच मिनिटे खदखदवला, तर तो कडू तुरट होणारच. त्यात नवल ते काय?

तेव्हा दूध वजा करायचे असेल तर उकळणेही वजा करा. पानाचा चहा घ्या. दोन कप पाणी, गवती चहाची चार पाती आणि आल्याचा तुकडा घालून उकळा. आच बंद करा. मग दोन सपाट चमचे चहा टाकून झाकण ठेवा. घड्याळ लावून तीन मिनिटांनी गाळा. चवीला गूळ, वर लिंबाचे पाच सहा थेंब. लिंबू पडताच चहाचा रंग उजळतो. चहातली रंगद्रव्ये आम्लाने फिकी होतात. केरळात सुलेमानी म्हणून असाच चहा पितात, आणि काश्मीरचा कहवा, हिरवा चहा, केशर, दालचिनी आणि बदाम घातलेला, हाही बिनदुधाचाच. म्हणजे आपल्याच देशात या पद्धतीला उत्तम परंपरा आहे.

ज्यांना दाट चहाच हवा त्यांनी नारळाकडे जावे. ओल्या नारळाचा चव वाटीभर कोमट पाण्यात वाटून पिळून पहिले दाट दूध काढा. दीड कप पाण्यात वेलदोडा, सुंठ आणि नेहमीचा चहा घालून कडक कोरा चहा करा, गाळा, गूळ विरघळवा, आणि शेवटी नारळाचे दूध त्यात ओता. ओतल्यावर मात्र उकळू नका. नारळाच्या दुधात खोबरेल सूक्ष्म थेंबांच्या रूपाने तरंगत असते. उकळी आली की ते थेंब एकत्र येऊन तवंग धरतो. गाईच्या दुधाच्या चहात गूळ घालून तो नासल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. येथे केसिनच नसल्यामुळे ती भीती नाही. पहिल्या दिवशी मी उत्साहाने हा चहा उकळला आणि कपाकपावर तेल तरंगू लागले. जावई भिडस्त, ते म्हणाले, "मामा, सुगंध छान आहे." अक्का मात्र म्हणाली, "डोक्याला लावायला बरा आहे."

आता चहाच्या चवीचे दोन गोड पदार्थ सांगतो. पहिला नानखटाई. एक वाटी बेसन मंद आचेवर कच्चेपणा जाईपर्यंत कोरडेच भाजून गार करा. त्यात अर्धी वाटी तांदळाचे पीठ, अर्धी वाटी पिठीसाखर, पाव चमचा खाण्याचा सोडा, वेलदोडा आणि दोन चमचे पानाचा चहा अगदी बारीक कुटून, चाळून घाला. अर्ध्या वाटीच्या आत बाहेर खोबरेल घालून गोळा जमेल असे मळा. येथे वसंत ऋतू आडवा येतो. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली घट्ट असते. पुण्याच्या चैत्र-वैशाखात ते पाण्यासारखे पातळ. तसेच गोळे भट्टीत घातले तर पसरून त्यांची एकच पोळी होते, माझी झाली. म्हणून वळलेले गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच १६० ते १७० अंशांवर अठरा वीस मिनिटे भाजावेत. बाहेर काढल्यावर त्या मऊ असतात; गार झाल्याखेरीज हात लावू नये.

दुसरा पदार्थ खरवसासारखा. खरा खरवस म्हणजे चीक, आणि तो वर्ज्य, जिलेटिनही प्राण्यांचे. पण चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळापासून होते. पाच ग्रॅम चायना ग्रास अर्धा तास भिजवा, मग निथळून दीड वाटी पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. अर्धी वाटी गूळ घालून गाळा. आच बंद करून अर्धी वाटी कडक कोरा चहा आणि एक वाटी दाट नारळाचे दूध घाला. दोन्ही कोमट असावीत, थंडगार ओतली तर गुठळ्या होतात. वेलदोडा, जायफळ घालून ताटात ओता. हे मिश्रण साधारण शरीराच्या उष्णतेच्या जवळपास आले की घट्ट होऊ लागते, म्हणून उन्हाळ्यातही बर्फाची गरज पडत नाही. वड्या कापा आणि गार करून खा.

आता माझ्यातला शिक्षक आपणांस दोन इशारे दिल्याखेरीज राहणार नाही. पहिला असा की, चहातली जी तुरट द्रव्ये केसिनला धरतात तीच अन्नातल्या लोहालाही धरतात. धान्य, कडधान्य, पालेभाजी यांतले लोह जेवणाबरोबरच्या चहाने शरीरात कमी शोषले जाते. सिलिॲकच्या रोग्याचे आतडे नेमके जिथे लोह घेते तिथेच दुखावलेले असते. त्याला पुष्कळदा आधीच पांडुरोग असतो. म्हणून चहा आणि जेवण यांत तासाभराचे तरी अंतर असावे. लहान मुलांना चहा देऊच नये. भाचीच्या मुलीसाठी आम्ही गवती चहाच्या पात्यांचा, आल्याचा आणि गुळाचा काढा करतो. गवती चहाला आपण चहा म्हणतो खरे, पण त्याचा चहाच्या झाडाशी काही संबंध नाही; ते एक सुगंधी गवत. तिच्या नानखटाईत आणि वड्यांत चहा नसतो, नुसता वेलदोडा असतो. कप मात्र तिच्या हातात आमच्यासारखाच असतो, आणि मुलाला तेवढेच हवे असते.

दुसरा इशारा दुधाबद्दल. नारळाचे दूध हे नावाचेच दूध. त्यात स्निग्धांश आहे, पण गाईच्या दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम नाही. दूध सोडणाऱ्याने ती उणीव दुसरीकडून भरून काढली पाहिजे. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ आहेत, डाळी आहेत. ब १२ हे जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. ते वैद्यकीय सल्ल्याने गोळीच्या रूपाने घ्यावे. तत्त्व मोठे असते, पण शरीर तत्त्वावर चालत नाही.

गेल्या चैत्रात अक्काकडे हळदीकुंकू होते. आंब्याची डाळ होती, पन्हे होते. हिंग तपासलेला, डाळ घरी निवडलेली. दोन ताटे वेगळी मांडण्याचा बेत होता, पण अक्का म्हणाली, "वेगळे ताट कशाला? सगळेच ताट तिला चालेल असे करू." आणि तसेच केले. चकली, ज्वारीचे शंकरपाळे, नानखटाई, खरवसाच्या वड्या. वाड्यातल्या चाळीसएक बायका आल्या, खाऊन गेल्या, दोघींनी कृती लिहून नेली. यात गहू नाही, दूध नाही, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. मुलगी ताट घेऊन सर्वांना वाढत फिरत होती. वर्षभरात प्रथमच कोणी तिला, "बाळ, हे तुला चालते का गं?" असे विचारले नाही, तीच दुसऱ्यांना आग्रह करत होती.

मला त्या दिवशी पंचहौद मिशनमधल्या चहाची आठवण झाली. त्या चहात वाईट काही नव्हते. वाईट होता तो हा विचार की, एकाच्या कपाने दुसरा बाटतो. आज आपल्यापुढचा प्रश्न उलटा आहे. आज एखाद्याच्या ताटात खरोखरच चिमूटभर कणीक गेली तर त्याला अपाय होतो. त्याची ही काळजी सोवळे म्हणून हसण्यावारी नेऊ नका, आणि त्याला एकट्याला बाजूचे ताट देऊन मोकळेही होऊ नका. थोडे ज्ञान करून घ्या, हिंगाची डबी वाचा, दळण वेगळे करा, आणि पंगत सर्वांची एकच ठेवा. एवढे श्रम घरी आलेल्या माणसासाठी करणे आपल्याला जड नाही.